'हेड ऑर टेल' म्हणजे शेंडा-बुडखा, पण वाक्यात वापरायचं कसं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून बारावीच्या मुलाचा प्रश्न आला आहे. गाइडमध्ये 'कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ' या वाक्प्रचाराचा अर्थ 'न समजणे' एवढाच दिलाय. त्याचं म्हणणं, हेड-टेल म्हणजे तर छापा-काटा, मग नाण्याचा आणि समजण्याचा संबंध काय? सोबत त्याने स्वतः केलेली दोन वाक्यं पाठवली आहेत: 'आय मेड हेड अँड टेल ऑफ द लेसन' आणि 'माय फादर कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ मी'. ती बरोबर आहेत का, हेही त्याला हवं आहे.

बेटा, प्रश्न चांगला आहे आणि गाइडचं उत्तर अपुरं आहे. मी २७ वर्षं याच जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतोय. 'न समजणे' एवढंच पाठ करून गेलेली मुलं हा वाक्प्रचार हमखास चुकीच्या जागी वापरतात, हे मी दरवर्षी पाहतो.

आधी नाण्याचं मिटवू. डोकं आणि शेपूट ही जोडी दोन्हीकडे तीच आहे, पण तिचा उपयोग वेगळा आहे. नाणं उडवताना 'हेड्स ऑर टेल्स' असं अनेकवचनात विचारतात, आणि तिथे दोन्ही बाजू ठाऊक असतात, फक्त वर कोणती येईल ते माहीत नसतं. आपल्या वाक्प्रचारात दोन्हींपैकी एकही सापडत नाही. म्हणून नाणं डोक्यातून काढून टाक. अमेरिकन लोक मात्र हा वाक्प्रचारही 'हेड्स ऑर टेल्स' असा 'स' लावून बोलतात. मोबाइलवर एखाद्या अमेरिकन माणसाच्या तोंडून तसं ऐकलंस तर तो चुकला असं समजू नकोस. आपली पुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, आपण एकवचनच ठेवायचं. ब्रिटिश लेखनात 'हेड नॉर टेल' असंही दिसतं, तेही चालतं.

मग चित्र कशाचं आहे? समोर काहीतरी पडलंय आणि त्याचं तोंड कुठे, शेवट कुठे, तेच कळत नाही. उचलायचं कुठून आणि धरायचं कुठे? इंग्रजीत हा प्रयोग सतराव्या शतकापासून सापडतो, पण कल्पना त्याहून फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला रोमन वक्ता सिसेरो एका पत्रात 'डोकं ना पाय' अशा अर्थाचे लॅटिन शब्द वापरतो. फ्रेंच माणूस म्हणतो 'ना शेपूट ना डोकं'. स्पॅनिशमध्ये 'ना पाय ना डोकं', जर्मनमध्ये 'ना हात ना पाय'. आपल्या आठवडी बाजारात कानावर पडणाऱ्या हिंदीतही 'बात का कोई सिर-पैर नहीं' आहेच. या सगळ्या भाषांनी शरीर घेतलं. मराठीने झाड घेतलं: 'याला काही शेंडा ना बुडखा'.

मी वर्गात हा वाक्प्रचार नेहमी पऱ्हाटीवरून, म्हणजे कपाशीच्या झाडावरून शिकवतो, कारण ती तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली असते. उभी पऱ्हाटी एकाएकी मान टाकते तेव्हा तुझे बाबा काय करतात ते आठव. आधी शेंड्याची पानं उलटून पाहतात, मावा, तुडतुडे अशा किडी आहेत का, पान कोकडलंय का. मग खाली बसून बुडाशी माती उकरतात, मूळ सडलंय का ते बघतात. दोन्हीपैकी एका टोकाला काहीतरी सापडतं आणि मग रोगाचं नाव घेता येतं. दोन्ही टोकं पाहूनही काही हाती लागलं नाही, तर ते बांधावर येऊन म्हणतात, 'काई समजूनच नाई रायलं बाप्पा.' 'कान्ट मेक हेड ऑर टेल' म्हणजे नेमकं हेच. माणूस पाहून, उकरून, प्रयत्न करून आलेला आहे. न वाचताच 'समजलं नाही' म्हणणाऱ्याला हे वाक्य वापरता येत नाही.

आता 'मेक' या शब्दाकडे ये, कारण खरी अडचण तिथे आहे. आपण पाचवीपासून 'मेक म्हणजे बनवणे, तयार करणे' असं घोकतो. मग मुलं मनातल्या मनात 'डोकं किंवा शेपूट बनवणे' असा अर्थ करतात आणि अडकतात. इथे 'मेक' म्हणजे लावणे. आपण अर्थ लावतो, हिशेब लावतो, चोरीचा छडा लावतो, ते लावणे. 'व्हॉट डू यू मेक ऑफ धिस?' म्हणजे 'तू याचा काय अर्थ लावतोस?' त्याच घरातलं 'मेक सेन्स ऑफ', म्हणजे संगती लावणे. आणि 'मेक आउट' म्हणजे कसंबसं ओळखू येणे, जसं डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं अक्षर किंवा अंधारात दुरून येणारा माणूस. 'मेक' म्हणजे 'लावणे' हे एकदा मनात बसलं की मागचं 'ऑफ' आपोआप आठवतं, कारण अर्थ कशाचा लावला ते सांगावंच लागतं. 'ऑफ' विसरणं ही या वाक्प्रचारातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती घोकून सुटत नाही.

एक प्रसंग सांगतो, थोडा लांब आहे.

२०१७ चा पावसाळा. त्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. पऱ्हाटी उंच वाढली होती, फवाऱ्याचा तुषार थेट तोंडावर येत होता. आमच्या गल्लीतले एक काका फवारणीची मजुरी करायचे. एका संध्याकाळी ते औषधाच्या डब्यासोबत आलेलं माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. सोबत त्यांची मुलगी होती, माझ्याच वर्गात अकरावीला. काका म्हणाले, 'मास्तर, पोरीले वाचता नाई आलं. तुमी पाहा बरं, पंपाले किती झाकणं टाकाची ते.'

कागद घडी घालून घालून काडेपेटीएवढा केलेला होता. उलगडत गेलो तर हातरुमालाएवढा झाला. अक्षरं खसखशीच्या दाण्याएवढी. इंग्रजी होतं, हिंदी होतं, मराठीही होतं. मुलगी खाली मान घालून म्हणाली, 'सर, माझं इंग्रजी कच्चं आहे.' मी मराठी भाग वाचायला घेतला. 'आंतरप्रवाही कीटकनाशक.' 'विशिष्ट प्रतिविष उपलब्ध नाही, लक्षणांनुसार उपचार करावेत.' मात्रा होती हेक्टरी मिलीलिटरमध्ये. काकांच्या जगात हेक्टर नाही, एकर आहे. मिलीलिटर नाही, झाकण आहे. आणि पंपाला किती, हा त्यांचा एकुलता एक प्रश्न त्या अख्ख्या कागदावर कुठेच नव्हता. मी इंग्रजीचा मास्तर, चष्मा लावून दहा मिनिटं त्या कागदात हरवलो.

तेव्हा मी त्या मुलीला म्हटलं, 'तुझं इंग्रजी कच्चं असेल, ते आपण पक्कं करू. पण या कागदासाठी "आय डोन्ट अंडरस्टँड" म्हणू नको. म्हण, "आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ धिस लीफलेट".' तिने विचारलं, 'फरक काय सर?'

फरक असा. 'आय डोन्ट अंडरस्टँड' या वाक्यात कमतरता माझ्यात आहे. 'आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, मी टोक शोधलं, पण या कागदाला टोकच दिसत नाही. दोष निम्मा तरी कागदाकडे जातो. मराठीतही तसंच आहे. 'मले नाई समजलं' हे एक, आणि 'याले शेंडा ना बुडखा' हे दुसरं. आपल्याकडची मुलं, विशेषतः मुली, प्रत्येक वेळी पहिलंच वाक्य बोलतात. बँकेचा अर्ज असो, प्रवेशाची सूचना असो की औषधाचा कागद, ज्याने तो लिहिला त्याची जबाबदारी ही मुलं स्वतःच्या डोक्यावर घेतात. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून हा वाक्प्रचार मी परीक्षेत येवो न येवो, शिकवतोच.

पुढचं ऐक, कारण त्यात व्याकरण आहे. त्या मुलीचं गणित चांगलं होतं. आम्ही कागदावरची मात्रा आणि पाणी वेगळं लिहून काढलं आणि तिने त्रैराशिक मांडलं. समजा हेक्टरी १२५ मिलीलिटर औषध आणि ५०० लिटर पाणी, तर लिटरला पाव मिलीलिटर, आणि १५ लिटरच्या पंपाला पावणेचार मिलीलिटर. (हे आकडे फक्त रीत दाखवायला, प्रत्येक औषधाची मात्रा वेगळी असते.) काकांचं झाकण आम्ही खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजलं, तर ते बरंच मोठं निघालं. काका गप्प झाले. मग डब्यावरचा चौकोन तिने त्यांना दाखवला. खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचं नाही, हे बाकीचं मी सांगितलं.

आता त्या रात्री जे झालं ते इंग्रजीत कसं सांगशील? 'शी मेड हेड ऑर टेल ऑफ द लीफलेट' असं नाही. हा वाक्प्रचार होकारार्थी साध्या वाक्यात चालत नाही. तो नकारात राहतो: 'कान्ट', 'कुडन्ट', 'नोबडी कुड', 'हार्डली'. नाहीतर प्रश्नात: 'कॅन यू मेक हेड ऑर टेल ऑफ धिस?' फार तर शंका असलेल्या वाक्यात: 'आय डाउट इफ एनीवन कॅन मेक हेड ऑर टेल ऑफ इट.' उलगडा झाला की वाक्प्रचार बदलायचा: 'शी मेड सेन्स ऑफ द लीफलेट.' किंवा 'शी फिगर्ड इट आउट.' आपल्याकडेही 'मला या गोष्टीचा शेंडा-बुडखा सापडला' असं कोणी सहज म्हणत नाही. 'आता कुठे उलगडा झाला' असंच म्हणतो.

दुसरी गोष्ट, हा वाक्प्रचार कशासाठी वापरायचा. ज्याला सुरुवात आणि शेवट असायला हवा अशा गोष्टीसाठी: पत्र, नकाशा, सूचना, हिशेबाची वही, कोणाचं लांबलचक बोलणं, घाईत पाठवलेला मेसेज, तोडकंमोडकं अक्षर. माणसासाठी सहसा नाही. 'आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ व्हॉट ही सेज' ठीक, म्हणजे त्याचं बोलणं मला लागत नाही. एखादा माणूसच कळत नसेल तर 'आय कान्ट मेक हिम आउट'.

तिसरी गोष्ट सभ्यतेची. हे बोलीतलं इंग्रजी आहे. मित्राशी, घरी, वर्गात चालेल. तहसीलदारांना लिहिलेल्या अर्जात किंवा प्राचार्यांच्या पत्रात नको, तिथे 'आय अॅम अनेबल टू अंडरस्टँड द इन्स्ट्रक्शन्स' लिही. आणि ज्याने लिहिलंय त्याच्या तोंडावर म्हणताना जपून. 'आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ युअर एसे' हे मैत्रिणीला म्हटलंस तर ती दुखावेल, कारण तू तिच्या निबंधाला शेंडा-बुडखा नाही असं म्हणालास. दोष कागदाकडे नेण्याची जी ताकद मी वर सांगितली तिचीच ही दुसरी बाजू.

बोलताना 'ऑर' जवळजवळ गिळला जातो, जोर 'हेड' आणि 'टेल' वर. 'हेडर टेल' असंच ऐकू येतं. ऐकण्याच्या सरावात मुलं 'हेडर' असा वेगळा शब्द समजून शब्दकोश उघडतात, म्हणून सांगून ठेवतो.

शेजारचे वाक्प्रचार गाइडमध्ये सगळे 'न समजणे' याच ओळीत टाकलेले असतात. त्यांच्यात गल्लत करू नकोस. 'इट वेंट ओव्हर माय हेड' म्हणजे हुबेहूब आपलं 'डोक्यावरून गेलं'. विषय माझ्या पातळीच्या वरचा होता, कागदात खोट नाही. 'इट्स ऑल ग्रीक टू मी' म्हणजे माझ्यासाठी सगळी अनोळखी भाषा. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकात कास्का या पात्राच्या तोंडी हे 'इट वॉज ग्रीक टू मी' असं आहे. आणि गंमत अशी की तिथे ग्रीकमध्ये बोललेला माणूस म्हणजे हाच आपला 'डोकं ना पाय' वाला सिसेरो. ग्रीक कळणाऱ्याला ते बोलणं पूर्ण कळलंच होतं. शेंडा-बुडखा होता, फक्त कास्काला तो दिसत नव्हता. 'द पेनी ड्रॉप्ड' उलट्या बाजूचं, उशिरा का होईना ट्यूब पेटली. आणि 'गेट द हँग ऑफ' समजण्यापेक्षा जमण्याचं आहे, डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, शिकताना आठवडाभराने हात बसतो तसं.

परीक्षेसाठी एक सूचना. वाक्यात उपयोग करा म्हटलं की मुलं लिहितात, 'आय कुड नॉट मेक हेड ऑर टेल ऑफ इट.' व्याकरण बरोबर आहे, पण 'इट' म्हणजे काय आणि का कळलं नाही ते वाक्यात नाही, म्हणून अर्थ तुला ठाऊक आहे की नाही हे तपासणाऱ्याला दिसत नाही. कारण वाक्यातच घाल: 'द मॅप वॉज सो ओल्ड अँड टॉर्न दॅट वी कुड नॉट मेक हेड ऑर टेल ऑफ इट.' आणि 'हेड अँड टेल' लिहू नकोस, 'ऑर' पक्कं ठेव. मराठीत आपण 'शेंडा-बुडखा' जोडून बोलतो म्हणून 'अँड' हातातून सुटतो, पण इंग्रजीत ती चूक समजली जाते. 'द' लावायचं नाही, 'इट्स हेड' असंही नाही.

आता तुझी वाक्यं. पहिलं होकारार्थी आहे आणि त्यात 'अँड' आहे, दोन्ही दुरुस्त कर. धडा समजला असं सांगायचं असेल तर: 'आफ्टर रीडिंग इट ट्वाइस, आय मेड सेन्स ऑफ द लेसन.' नाही समजला असं सांगायचं असेल तर: 'आय रेड द लेसन ट्वाइस बट कुड नॉट मेक हेड ऑर टेल ऑफ इट.' दुसऱ्या वाक्यातलं 'ट्वाइस' माझ्या मते फार महत्त्वाचं आहे, प्रयत्न त्यातच दिसतो.

तुझ्या दुसऱ्या वाक्याने मी थोडा वेळ थांबलो. 'माय फादर कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ मी.' तुला 'बाबा मला समजून घेत नाहीत' असं म्हणायचं असेल, तर इंग्रजीत त्यासाठी साधं क्रियापदच लागतं: 'माय फादर डझन्ट अंडरस्टँड मी.' तू घरात वेगळाच वागतोस आणि बाबांना तुझा अंदाजच येत नाही असं म्हणायचं असेल, तर 'माय फादर कान्ट मेक मी आउट.' या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्यात तुझी तक्रार आहे, दुसऱ्यात बाबांची अडचण. तुझ्या घरी नेमकं कोणतं खरं आहे ते तुलाच ठाऊक. आधी ते मराठीत स्वतःशी म्हणून बघ, आणि जे खरं असेल तेच वहीत इंग्रजीत उतरव.